आण्णांच्या मुठीचा जॉब

२ जून २०२४

आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपात प्रत्येक जॉबला, म्हणजे मशीनवर घेतलेल्या प्रत्येक कामाला, कार्ड लागतं, मटेरियल काय, माप काय, कोणी केला, रिजेक्ट का झाला. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, लकवा झालेल्या हाताचं गेले आठ महिने नुसतं तोंडी चाललंय, कोण येतं काय सांगून जातं आणि आम्ही तसं करतो, म्हणून आजपासून वही घातली.

मागची हिस्टरी थोडक्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आण्णा गावाकडं आटपाडीला होते, पहाटे उठले आणि उजवी बाजू गेली. वारं गेलं, म्हणजे लकवा मारला, म्हणून आधी तेल चोळत बसले, मग कुणाच्या तरी घरातनं कबुतर आणलं, त्याचं रक्त लावलं, आणि सांगलीत आणेपर्यंत गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासाची वेळ निघून गेलेली. ते आता उगाळून उपयोग नाही. पाय बऱ्यापैकी आला, काठी घेऊन चालतात. बोलणं थोडं जड पण कळतं. हात मात्र पहिले तीन-चार आठवडे ओल्या टॉवेलासारखा लोंबत होता आणि एक दिवस बोटं आपोआप आत वळायला लागली. तेव्हा आम्ही पेढे वाटले होते हो, मूठ वळली म्हणजे ताकद आली असं वाटलं. ती ताकद नव्हती.

आजची अवस्था. खांदा अंगाला चिकटलेला, कोपर काटकोनात, मनगट खाली मोडलेलं, चार बोटं तळव्यात आणि अंगठा त्यांच्या आत. व्हर्नियर (मिलिमीटरमध्ये माप घ्यायची पट्टी) लावायचा प्रश्नच नाही, बोटाचं टोक आणि तळहात यात अंतर शून्य. मधल्या बोटाचं नख आत रुतून तळहातावर चंद्रकोरीसारखी जखम झालीय आणि वास येतो, आंबूस. आई रोज आंघोळीला मूठ उघडायला बसते, आण्णा ओरडतात, आई रडते, मग अर्धवट धुऊन सोडून देतात.

जॉबचं पहिलं टार्गेट लिहून ठेवतो कारण मला मोठमोठी टार्गेट ठेवायची खोड आहे: दिवसातनं दोनदा तळहात धुवून कोरडा करता आला पाहिजे, आरडाओरडा न होता. बास.

९ जून

फिजिओ मॅडम घरी आल्या. मी विचारलं हात गेलाय तर मग एवढा घट्ट कसा, गेलेला हात ढिला पाहिजे ना. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. मेंदूकडनं खाली जाणारा ब्रेक तुटलाय. मणक्यातली लोकल वायरिंग शाबूत आहे आणि स्नायू ताणला की ती लगेच ‘आवळ’ म्हणून उत्तर देते, एरवी मेंदू तिला गप्प बसवतो, आता गप्प बसवणारं कोणी नाही. आणि यातली मुख्य गोष्ट म्हणजे स्पीड. जेवढ्या जोरात ताणाल तेवढा हात जास्त अडतो. सावकाश नेला तर येतो. गाडीचा सीटबेल्ट हिसका मारला की लॉक होतो तसं.

हे सगळं आण्णा ऐकत होते. जन्मभर हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, म्हणून जनावरांच्या बाजारात काढलेला माणूस, ते म्हणाले, "आरं खोंडाचं दावं हिसकलं की त्ये मागं रेटतंय. ढिलं सोडून हुबा ऱ्हा, आपसूक म्होरं येतंय." मॅडम हसल्या, म्हणाल्या मी हे आता बाकीच्या पेशंटनापण सांगणार.

मूठ उघडायची पद्धत दाखवली ती लिहून ठेवतोय कारण आम्ही आठ महिने बरोबर उलटं करत होतो. बोटांची टोकं धरून ओढायचं नाही. आधी मनगट अजून खाली वाकवायचं, त्यानं बोटांच्या लांब दोऱ्या सैल पडतात आणि बोटं आपणहून जरा सुटतात. मग अंगठा टोकाला न धरता बुडाशी धरून बाहेर घ्यायचा. मग बोटं, सावकाश, आणि बोटं सुटल्यावरच मनगट हळूहळू वर. आईनं आजच करून बघितलं आणि आण्णा ओरडले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाली, आठ महिने.

मॅडमनी हात हलवून आकडे दिले, कोपर २, बोटं ३. हा ताठरपणा मोजायचा अ‍ॅशवर्थचा सुधारलेला स्केल, ० ते ४, ४ म्हणजे सगळ्यात ताठ, मध्ये एक १+ पण आहे, ज्यानं कुणी तो घुसडला तो आमच्या क्वालिटीवाल्याचा भाऊ असणार.

आणि तो पिवळा स्पंजचा बॉल. घरात असले पाच बॉल आहेत, बघायला येणारा प्रत्येकजण एक आणतो आणि "दाबत ऱ्हावा आण्णा" म्हणून जातो. मॅडम म्हणाल्या, जी मूठ उघडत नाही तिला आणखी आवळायचा व्यायाम कशाला देताय. पाचही बॉल शेजारच्या पोरांना.

१६ जून

प्रयोग एक, रिजेक्ट. चार इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा उभा कापून हीटगननं मऊ केला आणि माझ्याच हातावर शेप देऊन स्प्लिंट, म्हणजे हात उघडा धरून ठेवणारा साचा, बनवला, कडा घासल्या, आतनं फोम, वेल्क्रो. दिसायला झकास. रात्री घातला, सकाळी मनगटाच्या हाडावर लालभडक चट्टा. आण्णांना कळलंच नाही कारण त्या हाताला स्पर्शाची जाणीव कमी आहे, हे मला माहीत असून मी डोक्यात घेतलं नव्हतं. मॅडमनी चांगलंच झापलं. दुखतंय असं पेशंट सांगेल यावर विसंबायचं नाही, पहिल्या दिवशी अर्धा तास घालायचा, काढायचा, कातडी बघायची, लाली वीस मिनिटांत गेली नाही तर तो स्प्लिंट चुकीचा. त्यांच्याकडचा थर्मोप्लास्टिकचा शीट गरम पाण्यात मऊ होतो आणि थेट पेशंटच्या हातावर बसवता येतो, माझ्या पाईपसारखा नाही. वर हेही म्हणाल्या की नुसत्या स्प्लिंटनं हात उघडेल या भ्रमात राहू नका.

पीव्हीसीचा तो पीस बाकावर ठेवलाय, त्यात आता ड्रिल बिटं ठेवतो.

२३ जून

प्रयोग दोन. लेथवर सागवानाचा शंकू काढला, बारीक बाजू अंगठ्याकडं आणि जाड बाजू करंगळीकडं. आमच्या हेल्परनं विचारलं हे कशाचं हँडल हो, मी म्हणलं आण्णांचं. वरनं आईच्या जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळली, ती रोज बदलायची, अशा सात पट्ट्या. नख आता तळव्यात रुतत नाही, शंकूवर टेकतं. जखम सुकत आलीय. वास गेला. साबण साधाच, पण धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं हे धुण्यापेक्षा महत्त्वाचं, नाहीतर बुरशी धरते.

पहिलं टार्गेट पूर्ण धरायला हरकत नाही.

५ जुलै

बॅक्लोफेन, स्नायू सैल करायची गोळी, सुरू केली, ५ मिलिग्रॅम दिवसातनं तीनदा. हात किंचित सैल झाला खरा पण माणूसच सैल झाला, जेवताना घास तोंडात ठेवून डुलकी. गोळी काय फक्त हाताला जात नाही, सगळ्या अंगाला जाते. विट्याचे मामा म्हणाले बंद करून टाका. नशीब की आधी डॉक्टरांना फोन केला, ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, आकडी येऊ शकते, भास होऊ शकतात, कमी करायची तर पायरीपायरीनं. डोस कमी केला आणि मोठा भाग रात्री दिलाय. आता दिवसा जागे असतात आणि टीव्हीवर शर्यती बघतात.

२१ जुलै

या आठवड्यात बेंदूर झाला. आमच्याकडं आता बैल नाही पण मातीचे पुजतो. पूजेला आण्णांना धोतर, सदरा आणि पटका पाहिजे म्हणून हटून बसले, म्हणजे आजचा विषय कपडे.

नियम एकच आहे आणि तो आई आता सुनेला असा सांगते जसं काय तिनंच काढला: घालताना आजारी हात आधी, काढताना आजारी हात शेवटी. पण सदऱ्याची बाही अरुंद असली की कोपर अडतं, घाई केली की अजून अडतं, आणि सणाच्या दिवशी सगळ्यांनाच घाई. शेवटी गल्लीतल्या शिंप्याकडं तीन सदरे दिले, उजवी बाही काखेपासून खालपर्यंत उसवून त्याला वेल्क्रो लावला आणि बटणं वरनं नुसती दाखवायला शिवली. शिंपी म्हणाला पैसे नको, मला आधी एवढं सांगा की काजं कुठं गेली म्हणून कोण विचारलं तर काय सांगू.

धोतर एका हातानं नेसता येत नाही. आई नेसवते. संडासला जायचं म्हणलं की परत सोडा परत नेसवा, म्हणून घरात इलॅस्टिकचा लेंगा. आण्णांना लेंगा आवडत नाही. त्यांनी एकदाच सांगितलं, "लेंगा घालून बाजारात कोण माझ्यासंगट सौदा करंल," आणि परत त्यावर बोलले नाहीत. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आम्ही सगळे बोटं, कोपर, आकडे यातच होतो आणि त्यांना वेगळंच काहीतरी गेलेलं टोचत होतं.

त्यांचं ते उजव्या हाताचं काम इथं लिहिलं पाहिजे. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हेडी हातात हात घालणार, वर उपरणं टाकणार, आणि आत बोटं दाबून आकडा. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा म्हणजे पाच, शेकडा का हजार ते बोलण्या-बोलण्यात कळतं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. लहानपणी मी खरसुंडीच्या यात्रेत आण्णांच्या शेजारी उभा राहून उपरण्याखाली काय चाललंय ते ओळखायचा प्रयत्न करायचो आणि कधीच जमलं नाही.

२५ जुलै

दोन दिवस हात दगड. कोपर छातीला, शंकू जाईना, रात्री पायपण ताठ. बाहेर पाऊस धो धो, कृष्णा चढतीय, जो तो सांगलीच्या आयर्विन पुलाचं पाणी किती फूट झालं ते विचारतोय, ४० ला इशारा, ४५ ला धोका. मला वाटलं गारव्यानं झालं असेल, आणि गारव्यानं होतंही. पण मॅडमनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, पोट साफ आहे का? चार दिवस नव्हतं. आणि उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात गेलेलं, सुजलेलं, ते कुणी बघितलंच नव्हतं. शरीरात कुठंही टोचणी असली, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, जखम, घट्ट पट्टा, की हाताचा ताठरपणा वाढतो, पेशंटला ती टोचणी जाणवो न जाणवो. लेथचा आवाज बदलला की बेअरिंगच बघायचं नसतं, फाउंडेशनचा बोल्टपण बघायचा असतो, हे मी पोरांना शिकवतो आणि घरात विसरलो.

पोट साफ, नख काढलं, तिसऱ्या दिवशी हात पूर्ववत. म्हणजे तेवढाच वाईट, जास्त नाही.

१४ ऑगस्ट

मिरजेत इंजेक्शन झालं. बोट्युलिनम टॉक्सिन, तेच जे बायका-बाप्ये सुरकुत्या घालवायला कपाळात घेतात. नसेकडनं स्नायूला जो केमिकल निरोप जातो तो अडवायचा, म्हणजे वरचा ब्रेक दुरुस्त होत नाही पण खालच्या मोटरची वायर तात्पुरती ढिली करायची. सोनोग्राफीवर बघून बोटांच्या, मनगटाच्या आणि कोपराच्या ठरावीक स्नायूत सुया. परिणाम काही दिवसांत सुरू, पूर्ण दिसायला चारेक आठवडे, आणि तीन-चार महिन्यांत उतरतो. परत द्यायचं तर बारा आठवड्यांच्या आत देत नाहीत.

बिल बघून आण्णा म्हणाले, "ह्यात एक पाडी आली असती." मी म्हणलं पाडी हात उघडून देणार नाही. "ही सुई तरी देती का?" बरोबर प्रश्न आहे. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, इंजेक्शन ही संधी आहे, या तीन महिन्यांत ताण दिला, हात वापरला तर काही हाती लागेल, नुसतं घेऊन घरी बसलात तर पैसे गेले. आणि जो घट्टपणा स्नायू आखूड झाल्यामुळं आहे त्याला ही सुई काही करत नाही.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. माप: तर्जनी आणि मधलं बोट, टोक ते तळहात ४२ मिमी, सावकाश उघडून, सकाळी आंघोळीनंतर (वेळ एकच ठेवतो नाहीतर मापाला अर्थ नाही). अनामिका आणि करंगळी १५ च्या वर जाईनात. ही दोन आखूड झालीयत, म्हणजे त्या आठ महिन्यांची किंमत. अंगठा बाहेर आलाय. कोपर जवळजवळ १४० अंशापर्यंत सुटतं पण चालायला लागले की परत वर चढतं, ते चालण्याच्या जोरानं होतं म्हणे.

एक मजा. आरतीच्या वेळी आण्णांना जांभई आली आणि उजवा हात आपोआप छातीपर्यंत वर उचलला गेला, सगळ्यांसमोर. आत्या ओरडली, बाप्पा पावला! आईनं हळद-कुंकू लावायला घेतलं. मला माहीत होतं की जांभईबरोबर लकव्याचा हात असा उचलतो, बऱ्याच जणांचा उचलतो, जांभई संपली की खाली. पण आरतीत कोण हे सांगत बसणार. मी टाळ वाजवत राहिलो.

२९ सप्टेंबर

शॉर्ट नोंद. पाहुणे आले होते, जाताना त्यातल्या एकानं आण्णांना सोफ्यावरनं उठवायला उजवा हात धरून ओढलं. प्रेमानंच. खांदा निखळल्यासारखा दुखतोय, रात्रीची झोप गेली, आणि दुखण्यानं परत कोपर आवळलं. दारामागं कागद लावलाय मोठ्या अक्षरात: उजवा हात ओढू नये, काखेत हात घालून उचलू नये. झोपताना हाताखाली उशी.

२० ऑक्टोबर

आणखी एक प्रयोग, पास, आणि सगळ्या वहीत माझ्या सगळ्यात आवडीचा.

लकवा झालेल्या हाताची नखं कोणीही कापून देतं, पण चांगल्या हाताची नखं माणसानं कापायची कशानं? आण्णा डाव्या हाताची नखं दातानं कुरतडत होते, सुनेला सांगायची लाज. सागाची फळी, त्यावर मोठा नेलकटर स्क्रूनं बसवला, त्याच्या दांडीला नऊ इंची पट्टी जोडून टोकाला सायकलच्या सीटचा फोम, आणि फळी सरकू नये म्हणून खाली बाथरूमच्या मॅटचा रबर. डावं बोट कटरच्या तोंडात द्यायचं आणि उजवी मूठ पट्टीवर ठेवून खांद्यातनं खाली दाबायचं. बोटं उघडायची गरज नाही, हाताचं वजनच पुरतं. पहिल्या नखाला टक आवाज आला, आण्णांनी मुठीकडं बघितलं आणि दुसरं बोट लावलं. पाचही कापली. वर्षात त्या हातानं केलेलं पहिलं काम.

मग मागणी आली की अशीच एक फळी तंबाखू मळायला करून दे. डाव्या तळव्यावर उजव्या अंगठ्यानं मळायची सवय, तंबाखू हाताबरोबरच सुटली, हा या दुखण्याचा एकमेव फायदा असं मी समजत होतो. नंतर कळलं की संध्याकाळी कट्ट्यावर एक मित्र त्यांना मळून देतो. डॉक्टरांना सांगितलंय. मित्रालाही सांगितलंय, त्यानं कान धरले आणि चुना खिशात टाकला.

१० नोव्हेंबर

बारा आठवडे होऊन गेले. बोटं ४२ वरनं ३० वर आलीत, थंडी सुरू झालीय. डॉक्टरांनी विचारलं परत द्यायचं का, काय साधायचंय? मागच्या वेळी मी बोटं उघडायचीत म्हणून सांगितलं होतं. या वेळी आण्णाच बोलले: "सदरा घालाय येऊ दे, आन् जेवताना ताटली धराय येऊ दे." कोपराला जास्त आणि बोटांना कमी असं ठरलं. ताटलीला मी खाली रबर लावून देऊ शकतो खरं तर, पण त्यांना हातानं धरायची आहे.

अपंगत्वाच्या दाखल्याच्या खेपा चालू आहेत, तिसरी झाली. त्यावर लिहायला वही पुरणार नाही.

१९ जानेवारी २०२५

खरसुंडीला नेलं, पौषाच्या बाजाराला. आई नको म्हणत होती. आण्णा सकाळी पाचला वेल्क्रोचा सदरा घालून, पटका बांधून घेऊन, काठी हातात धरून दारात उभे.

बैलगाडी शर्यती परत सुरू झाल्यापासून बाजारात खिल्लार जातीच्या बैलाला परत भाव आलाय, कोसा खोंड बघून आण्णा चालायचे थांबले, दात बघायला वाकले, मी मागनं कमरेला धरून. त्यांनी तीन जनावरांचे भाव मला कानात सांगितले, दोन बरोबर निघाले.

मग भिवघाटकडचे एक जुने हेडी भेटले. काही न बोलता त्यांनी आण्णांचा उजवा हात हातात घेतला, वर उपरणं टाकलं. मी सांगणारच होतो की तो हात चालत नाही, पण त्यांना ते दिसतच होतं. आत त्यांनी ती आवळलेली मूठ चाचपली असावी, कारण चेहरा एकदम सौद्याचा करून म्हणाले, "पाच? लई झालं आण्णा, तोड कर काहीतरी." आण्णा असे हसले की काठी सुटली. आणि हसण्यानं हात आणखी आवळला, उपरण्यासकट त्या माणसाची बोटं आत अडकली आणि तो ओरडायला लागला, सोड की मर्दा. मी मनगट खाली वाकवून, अंगठा बुडाशी धरून, बोटं एकेक सोडवली. भोवती दहा-बारा माणसं जमलेली, मला सगळे विचारायला लागले ही ट्रिक कुठली. त्यातल्या एकाच्या घरी भावाला वारं गेलंय, सहा महिने झाले, मूठ उघडत नाही. त्याला तिथंच दोनदा करून दाखवली, आण्णांनी हात पुढं केला.

येताना गाडीत थकव्यानं कोपर परत छातीला. घरी सदरा निघेना, अर्धा तास नुसतं उशीवर हात ठेवून बसलो मग बाही सुटली. माप घेतलं नाही.

उद्याचं काम: नेलकटरची स्प्रिंग ढिली पडलीय, बदलणे. आणि त्या माणसाच्या भावासाठी एक शंकू, हात लहान आहे म्हणाला, जाड बाजू ३५ मिमी धरतोय.